डेस्कटॉप मंद, तरी प्रोसेसर मोकळा दिसतोय? व्हीडीआयमधली टंचाई शोधायची आणि निस्तरायची रीत

व्हीडीआय म्हणजे सगळ्यांचे डेस्कटॉप सर्व्हरवर चालतात आणि माणसं ते लांबून वापरतात अशी रचना. तिथे सोमवारी सकाळी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान हेल्पडेस्कवर एकाच सुरातल्या तक्रारी येऊ लागतात. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, माउस मध्येच अडकतो, मीटिंगमधला आवाज तुटतो, एक्सेल उघडायला अर्धा मिनिट लागतो. ॲडमिन त्या डेस्कटॉपमध्ये शिरून टास्क मॅनेजर उघडतो, तर प्रोसेसर ४५ टक्के. ‘सीपीयू तर मोकळा आहे’ म्हणून तिकीट नेटवर्ककडे जातं, नेटवर्कवाले ते स्टोरेजकडे सरकवतात आणि साडेअकराला सगळं आपोआप सुरळीत होतं. तिकीट बंद. मंगळवारी पुन्हा तेच.

गोम अशी आहे की व्हर्च्युअल मशीनला दोन व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) दिले म्हणजे दोन कोअर दिले असं होत नाही. व्हीसीपीयू खऱ्या कोअरवर चढतो तेव्हाच काम होतं. कोअर रिकामा नसेल तर हायपरव्हायझर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, त्याला रांगेत उभं करतो आणि तेवढा वेळ आतलं विंडोज जागच्या जागी थिजलेलं असतं. थिजलेल्याला आपण थिजलो होतो हे कळत नाही, त्यामुळे टास्क मॅनेजरच्या आलेखात ती वाट पाहणं दिसतच नाही. प्रोसेसर किती वापरला हा एक आकडा आणि प्रोसेसरसाठी किती ताटकळलो हा दुसरा. टंचाई दुसऱ्या आकड्यात असते आणि तो होस्टवरच, म्हणजे ही मशीन चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवरच, मोजावा लागतो.

टंचाई दोन जातींची असते, हेही सुरुवातीलाच पक्कं करून घ्या. मशीनच्या आत प्रोसेसर सतत ९५ ते १०० टक्के आणि होस्टवर रांग नाही, तर त्या मशीनला व्हीसीपीयू कमी पडतायत किंवा आत एखादा प्रोसेस सुटलाय. आत ४०-५० टक्के, पण होस्टवर रांग मोठी, तर होस्टच ओव्हरलोड आहे. पहिल्यात व्हीसीपीयू वाढवणं हा उपाय असू शकतो. दुसऱ्यात वाढवलात तर आगीत तेल.

आधी बाकीचे संशयित बाजूला करा

दहा मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं की पुढचे दोन दिवस वाया जातात. तक्रार करणाऱ्यांची यादी घ्या आणि प्रत्येकाचा डेस्कटॉप कोणत्या होस्टवर आहे ते समोर लिहा. सगळे एक-दोन होस्टवरच निघाले तर दुखणं त्या होस्टचं. सगळ्या होस्टवर, पण ठरावीक वेळीच त्रास होत असेल तर लॉगिनची झुंबड, अँटिव्हायरस स्कॅन किंवा प्रोफाइल ठेवलेला फाइल सर्व्हर. एकाच माणसाला त्रास असेल तर बहुधा त्याच्याच मशीनमध्ये काहीतरी.

मग सेशनचा राउंड ट्रिप (आरटीटी) बघा, म्हणजे कळ दाबल्यापासून पडद्यावर उत्तर दिसेपर्यंतचा वेळ. सिट्रिक्समध्ये डायरेक्टरच्या पानावर आयसीए आरटीटी दिसतो, होरायझनमध्ये परफॉर्मन्स ट्रॅकर आहे. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा: आयसीए आरटीटीमध्ये डेस्कटॉपने उत्तर द्यायला लावलेला वेळही धरलेला असतो. त्यामुळे तो फुगलेला दिसला म्हणून लगेच नेटवर्कला जबाबदार धरू नका, साध्या पिंगशी ताडून बघा. पिंग १० मिलिसेकंद आणि आयसीए आरटीटी ३०० असेल तर वेळ वायरवर जात नसून डेस्कटॉपच्या आत जातोय.

मेमरीसाठी बलून (होस्टने मशीनकडून परत घेतलेली मेमरी) आणि स्वॅप (डिस्कवर सरकवलेली मेमरी) हे दोन आकडे शून्य असले की पुरे. डिस्कसाठी विंडोजच्या पर्फमॉनमधला सरासरी डिस्क सेकंद प्रति ट्रान्सफर हा काउंटर सतत २० ते २५ मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर स्टोरेज तपासा. व्हीसॅनसारख्या हायपरकन्व्हर्ज्ड रचनेत इथे फसगत होते. स्टोरेजचं कामही त्याच सर्व्हरच्या कोअरवर चालतं, त्यामुळे प्रोसेसर कमी पडला की डिस्कही मंद दिसते. दोन्ही आकडे एकदमच चढत असतील तर प्रोसेसरपासून सुरुवात करा.

वाट मोजायची कशी

व्हीएमवेअर वापरत असाल तर सर्वांत खात्रीचं हत्यार ईएसएक्सटॉप. त्रास चालू असतानाच वापरायचं. दुपारी तीनला सकाळचा ताप मोजता येत नाही.

१. होस्टवर एसएसएच सेवा सुरू करून लॉगिन करा आणि ईएसएक्सटॉप चालवा.
२. सी दाबून प्रोसेसरचा पडदा आणा. मोठ्या लिपीतला व्ही दाबला की फक्त व्हर्च्युअल मशीन उरतात.
३. मोठा आर दाबला की यादी रेडी टाइमप्रमाणे लागते; सर्वांत जास्त ताटकळणारी मशीन वर येतात.
४. वरच्या तीन-चार मशीनसाठी ई दाबून त्यांचा गट क्रमांक द्या, म्हणजे प्रत्येक व्हीसीपीयूचा आकडा वेगळा दिसेल.
५. पडदा दर ५ सेकंदांनी बदलतो. निदान पाच-सहा वेळा बदलू द्या, एका नजरेवर निष्कर्ष काढू नका.
६. काम झालं की एसएसएच सेवा बंद करा. हे विसरणारे बरेच असतात.

वाचायचे चार रकाने. आरडीवाय म्हणजे व्हीसीपीयू तयार होता, पण कोअर मिळाला नाही असा वेळ. गटाच्या ओळीत तो सगळ्या व्हीसीपीयूंची बेरीज असतो, म्हणून व्हीसीपीयूंच्या संख्येने भागल्याशिवाय त्याला अर्थ नाही. चार व्हीसीपीयूच्या मशीनवर १२ दिसले तर प्रत्येकी ३ टक्के, म्हणजे ठीक. दोन व्हीसीपीयूच्या मशीनवर तेच १२ म्हणजे प्रत्येकी ६, म्हणजे कटकट सुरू. डेस्कटॉपसाठी ढोबळ माप असं: प्रति व्हीसीपीयू ३ टक्क्यांपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, ५ च्या पुढे टायपिंगमध्ये जाणवतं, १० ला फोन वाजायला लागतात. डेटाबेस सर्व्हर ७-८ टक्के निमूट सोसतो, कारण त्याच्यासमोर कोणी कीबोर्ड बडवत बसलेलं नसतं.

सीएसटीपी हा को-स्टॉप. मशीनचा एक व्हीसीपीयू पुढे धावला आणि दुसऱ्याला कोअर मिळाला नाही, तर पुढच्यालाही थांबवलं जातं. तो वेळ इथे मोजला जातो. ३ टक्क्यांच्या वर गेला तर मशीनला गरजेपेक्षा जास्त व्हीसीपीयू दिलेत असं समजा. एमएलएमटीडी शून्याहून जास्त असेल तर कोणीतरी त्या मशीनवर किंवा रिसोर्स पूलवर प्रोसेसरची मर्यादा घालून ठेवली आहे. हा वेळ आरडीवायमध्येच मिसळलेला असतो, म्हणून खरी चढाओढ पाहायची तर आरडीवायमधून एमएलएमटीडी वजा करा. होस्ट अर्धा रिकामा आणि तरीही मशीन ताटकळतंय, असं कोडं पडलं तर उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं: दोन वर्षांपूर्वी टेस्टिंगसाठी टेम्प्लेटवर घातलेली आणि मग सगळ्या क्लोनमध्ये उतरलेली मर्यादा. चौथा रकाना एसडब्ल्यूपीडब्ल्यूटी. तो चढला तर दोष प्रोसेसरचा नाही, मेमरी स्वॅपचा आहे.

व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन कन्सोलच्या आलेखातही रेडी टाइम दिसतो, पण टक्क्यांत नाही, मिलिसेकंदांत. रूपांतर असं करा: आलेखातला आकडा भागिले आलेखाचा अंतराल मिलिसेकंदांत, गुणिले १००, भागिले व्हीसीपीयूंची संख्या. रिअल-टाइम आलेखाचा अंतराल २० सेकंद. दोन व्हीसीपीयूच्या मशीनवर ४००० दिसले तर ४००० ÷ २०००० × १०० = २० टक्के, प्रत्येकी १० टक्के; मामला गंभीर. तेच ४००० एका दिवसाच्या आलेखात असतील, तर तिथे अंतराल ३०० सेकंदांचा आहे, म्हणजे प्रत्येकी ०.६७ टक्के, काळजीचं कारण नाही. आठवड्याच्या आलेखात अंतराल १८०० सेकंद, महिन्याच्या आलेखात ७२०० सेकंद. एकाच आकड्यावरून दोन टीम तावातावाने भांडताना दिसल्या तर आधी दोघांनी कोणता आलेख उघडलाय ते विचारा. शिवाय लांब अंतरालात सकाळची वीस मिनिटं पार विरघळून जातात, म्हणून महिन्याचा आलेख दाखवून ‘सरासरी उत्तम आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हायपर-व्ही, केव्हीएम, ॲझ्युअर

हायपर-व्हीच्या होस्टवर टास्क मॅनेजर उघडण्यात अर्थ नाही. तो फक्त रूट पार्टिशनचा, म्हणजे होस्टच्या स्वतःच्या विंडोजचा, वापर दाखवतो. शंभर डेस्कटॉप कोअर पिळून काढत असतील तरी तिथे ५ टक्के दिसू शकतात. पर्फमॉनमध्ये हायपर-व्ही हायपरव्हायझर लॉजिकल प्रोसेसर या गटातला एकूण रन टाइम बघा आणि व्हर्च्युअल प्रोसेसर गटातला सीपीयू वेट टाइम पर डिस्पॅच हा काउंटर लावा. तो नॅनोसेकंदांत असतो. सर्व सुरळीत असतानाच्या वेळेचा आकडा आधी नोंदवून ठेवा आणि त्रासाच्या वेळी त्याच्या किती पट झाला ते पाहा.

केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायझरवर लिनक्स डेस्कटॉप असेल तर टॉपमधला एसटी, म्हणजे स्टील टाइम, हेच काम करतो. आत विंडोज असेल तर होस्टवर व्हर्शच्या डोमस्टॅट्स आदेशाने प्रत्येक व्हीसीपीयूचा डिले काढा. तो सुरुवातीपासून साठत गेलेला असतो, म्हणून १० सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्या आणि फरक पाहा. १० सेकंदांत १ सेकंद डिले वाढला तर १० टक्के.

ॲझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये होस्टची रांग तुम्हाला दिसतच नाही, मोजता येतं ते आतलं. ॲझ्युअरचा सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे. त्यामुळे सेशन होस्ट तिथे असतील आणि माणसं खराडीत बसून मंद चालतं म्हणत असतील, तर लांबच्या नेटवर्कवर संशय घेण्याआधी मशीनचा आकार बघा. बी मालिकेची मशीन स्वस्त म्हणून घेतलेली असतात. ती क्रेडिटवर चालतात, सकाळच्या गर्दीत क्रेडिट संपले की मूळ वेगावर आपटतात. सीपीयू क्रेडिट्स रिमेनिंग हा मेट्रिक शून्याकडे घसरताना दिसला तर निदान झालं. डेस्कटॉपसाठी डी मालिका घ्या. अनेक जण एकाच मशीनवर बसणार असतील तर मायक्रोसॉफ्टची सुरुवातीची शिफारस हलक्या कामाला प्रति व्हीसीपीयू ६ जण, मध्यम कामाला ४, जड कामाला २ आणि फार जड कामाला १ अशी आहे. कॉल सेंटरचं एकच ॲप्लिकेशन चालवणारा हलका. पंचवीस टॅब, टीम्स आणि पॉवर बीआय एकदम उघडून बसणारा जड. आणि डेप्थ-फर्स्ट वाटप चालू असेल तर एक होस्ट ठरवलेल्या कमाल सेशनपर्यंत गच्च भरेपर्यंत दुसऱ्यावर कोणी जात नाही. सकाळी ब्रेड्थ-फर्स्ट ठेवा, म्हणजे सेशन सगळ्या होस्टवर सारखे वाटले जातील.

तक्रारी चालू असताना, त्या क्षणी

रीस्टार्ट करू नका. ‘एकदा बंद करून चालू करा’ हा सल्ला इथे घातक ठरतो, कारण बूट आणि लॉगिन हीच सर्वांत महाग कामं असतात आणि पन्नास जणांनी एकदम रीस्टार्ट केलं की रांग दुप्पट होते. त्याऐवजी डिसकनेक्ट अवस्थेतल्या जुन्या सेशनना लॉगऑफ करा. रात्रपाळीचे लोक खिडकी बंद करून निघून जातात, मागे ब्राउझर जाहिराती फिरवत बसतो. मग सर्वांत जास्त प्रोसेसर खाणारी चार-पाच मशीन व्हीमोशनने (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवण्याची सोय) हलक्या होस्टवर न्या. स्थलांतरालाही थोडा प्रोसेसर लागतो, म्हणून एकदम तीस हलवायला जाऊ नका. नेमकं त्याच वेळी स्कॅन किंवा बॅकअप चालू असेल तर थांबवा. एवढ्यावर तो दिवस तरी निभावतो.

व्हीसीपीयू कमी करा, वाढवू नका

होस्टवरच रांग असेल तर सर्वांत जास्त फरक पडतो तो इथे. रविवारी सकाळी एफसी रोडवरच्या हॉटेलात दोघांना टेबल लवकर मिळतं, आठ जणांचा गोतावळा ताटकळतो. चार-सहा व्हीसीपीयूच्या मशीनचं असंच होतं. हल्लीचे हायपरव्हायझर सगळे व्हीसीपीयू अगदी एकाच क्षणी चढवत नाहीत, थोडं मागे-पुढे चालवून घेतात, पण अंतर वाढलं की थांबवावंच लागतं. शिवाय रिकामा बसलेला व्हीसीपीयूही टायमरच्या टिकटिकीने होस्टचा थोडा वेळ खातो.

करायचं असं. चार व्हीसीपीयूच्या डेस्कटॉपची यादी काढा. प्रत्येकाचा पाच दिवसांतला कामाच्या वेळेतला वापर बघा. सरासरी २० टक्क्यांच्या खाली आणि ९५व्या शतमानालाही ५० टक्क्यांच्या आत असेल तर ते दोनवर आणता येईल. एकदम सगळा पूल बदलू नका, वीस जणांवर आठवडाभर चालवून बघा. दोनच्या खाली मात्र जाऊ नका. विंडोज ११ ची किमान अट दोन कोअरची आहे, आणि एका व्हीसीपीयूवर अँटिव्हायरसने डोकं वर काढलं की माणसाला जागाच उरत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या सुमारास ज्यांनी होस्ट तेच ठेवून इमेज (ज्यावरून सगळे डेस्कटॉप बनतात तो साचा) तेवढी विंडोज ११ ची केली, त्यांनी जुनं प्रति होस्ट डेस्कटॉपचं गणित पुन्हा मांडायला हवं.

सीएडी, सिम्युलेशन किंवा कोड कंपाइल करणाऱ्यांना मात्र खरोखर जास्त लागतात. पुण्यात वाहन उद्योगाचं डिझाइनचं काम भरपूर, त्यामुळे असे लोक जवळपास प्रत्येक मोठ्या व्हीडीआयमध्ये असतात. त्यांना वेगळ्या क्लस्टरवर ठेवा. हिशेबनीस आणि सीएडीवाले एका होस्टवर कोंबले की दोघंही कुरकुरतात.

इमेजमधली गळती

नॉन-पर्सिस्टंट, म्हणजे लॉगऑफला पुसून पुन्हा नवे होणाऱ्या, डेस्कटॉपमध्ये इमेजमधली एक चूक रोज सकाळी प्रत्येक क्लोनमध्ये नव्याने घडते. उत्तम उदाहरण डॉटनेटचं. अपडेटनंतर डॉटनेट आपल्या लायब्ररी पार्श्वभूमीला कंपाइल करत बसतं, टास्क मॅनेजरमध्ये एमएसकॉर्सव्हीडब्ल्यू नावाचा प्रोसेस दिसतो. मास्टर इमेजमध्ये हे पूर्ण होण्याआधीच स्नॅपशॉट घेतला, तर साडेसातशे क्लोन तेच काम रोज करतात आणि लॉगऑफला फेकून देतात. स्नॅपशॉटच्या आधी ३२ आणि ६४ बिट, दोन्ही फ्रेमवर्कच्या फोल्डरमधून एनजेन हे डॉटनेटचं कंपाइल करणारं टूल चालवून रांगेतली सगळी कामं उरकून घ्या.

अँटिव्हायरसचंही असंच. मास्टरवर पूर्ण स्कॅन करून मगच इमेज सील करा, क्लोनवर ठरावीक वेळचं पूर्ण स्कॅन बंद ठेवा आणि व्याख्यांचं अपडेट एका सामायिक ठिकाणी उलगडून ठेवण्याची सोय तुमच्या उत्पादनात असेल तर ती वापरा. प्रोफाइल कंटेनरच्या व्हीएचडीएक्स फाइल वगळायला विसरू नका.

एजचं स्टार्टअप बूस्ट आणि बंद केल्यावरही मागे चालत राहणं, दोन्ही ग्रुप पॉलिसीने बंद करा. झोपणारे टॅब चालू ठेवा. मायक्रोसॉफ्ट, सिट्रिक्स आणि होरायझन या तिघांचीही इमेज हलकी करणारी मोफत टूल आहेत. ती चालवाच, पण काय-काय बंद होतंय ते वाचून. सर्च इंडेक्सिंग डोळे झाकून बंद केलं की दुसऱ्या दिवशी आउटलुकमध्ये मेल सापडत नाही म्हणून वेगळी रांग लागते.

व्हिडिओ कॉल हा स्वतंत्र प्रकार आहे. टीम्स किंवा झूमचं ऑप्टिमायझेशन (व्हिडिओचं काम युजरच्या लॅपटॉपवर सोपवणं) चालू नसेल तर व्हिडिओचं एन्कोड-डीकोड डेस्कटॉपच्या व्हीसीपीयूवर होतं, आणि मग तो पडदा पुन्हा एकदा एन्कोड होऊन युजरकडे जातो. एका कॉलला दोन्ही व्हीसीपीयू अपुरे पडतात. टीम्सच्या अबाउट पानावर ऑप्टिमाइझ्ड असा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर बहुधा युजरच्या लॅपटॉपवरचा क्लायंट जुना असतो. प्रोटोकॉलच्या बाजूने, जीपीयू नसलेल्या होस्टवर पूर्ण पडद्यासाठी व्हिडिओ कोडेक लावू नका. सिट्रिक्समध्ये फक्त हलणाऱ्या भागासाठी हा पर्याय ठेवा. फ्रेमचा दर सहसा ३० असतो. ऑफिसच्या कामाला १५ ते २० पुरतात. दोन फोर-के मॉनिटर लावणाऱ्यांचा एन्कोडिंगचा बोजा एका फुल एचडी मॉनिटरच्या आठपट पिक्सेलचा असतो, हे मॉनिटर मंजूर करणाऱ्याला सांगून ठेवा.

गर्दीच्या वेळा

हिंजवडीत कंपनीच्या बस एका मागोमाग एक लागतात आणि दीडशे माणसं पाच मिनिटांत लॉगिन करतात. हिशेब मांडून बघा. एका लॉगिनला दोन्ही व्हीसीपीयू ४० सेकंद पूर्ण लागत असतील तर ते ८० कोअर-सेकंद झाले. दीडशे लॉगिनचे १२,०००. ४८ कोअरच्या होस्टजवळ पाच मिनिटांत एकूण १४,४०० कोअर-सेकंद असतात. म्हणजे ८३ टक्के क्षमता नुसत्या लॉगिनमध्ये गेली, आधीच काम करत बसलेल्यांना उरलेले १७ टक्के. हेच लॉगिन अर्ध्या तासात पसरले तर बोजा १४ टक्क्यांवर येतो. एरवी वाकडच्या पुलावरची कोंडी हे पसरवण्याचं काम फुकट करून देते. जुलैच्या मुसळधार पावसात सगळे घरून काम करतात त्या दिवशी ती सोय नसते, नऊच्या ठोक्याला सगळे आत.

उपाय: गर्दीच्या पाऊण तास आधी पुरेशी मशीन बूट होऊन निवांत झालेली असू द्या, म्हणजे बूट आणि लॉगिन एकमेकांवर पडणार नाहीत. लॉगिन स्क्रिप्ट, प्रिंटर जोडणी, ग्रुप पॉलिसी यांची छाटणी करा; लॉगिन ४० सेकंदांवरून २५ वर आलं तर वरचा १२,००० चा आकडा ७,५०० होतो, एकही कोअर न घेता. पाळी १५ मिनिटांनी विभागण्याची विनंती एचआरकडे करून बघा, कधी कधी मान्यही होते.

संध्याकाळची गर्दी फारसं कोणी मोजत नाही. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या टीम सहा-साडेसहाला आत येतात, त्याच सुमारास दिवसपाळी लॉगऑफ करते. इन्स्टंट क्लोन असतील तर प्रत्येक लॉगऑफनंतर जुनं मशीन मोडून नवं उभं राहतं. इकडे शंभर क्लोन बनतायत, तिकडे शंभर लॉगिन. रात्रपाळीचा पूल वेगळ्या होस्टवर ठेवला की हा प्रश्न मुळापासून जातो.

गुरुवारी वीज दुरुस्तीसाठी जाण्याची पुण्याला सवय आहे. जनरेटर असलेल्या कॅम्पसला त्याचं सोयरसुतक नसतं, पण छोट्या ऑफिसातला सर्व्हर यूपीएस संपून बसतो आणि वीज आली की सगळी मशीन एकदम उठतात. ऑटोस्टार्टमध्ये मशीनमागे १०-१५ सेकंदांचं अंतर टाका. आधी डोमेन कंट्रोलर, मग ब्रोकर (युजरला त्याचा डेस्कटॉप जोडून देणारा सर्व्हर), मग डेस्कटॉप.

घड्याळाचा वेग कोण खातंय

रांग नाही, आत १०० टक्केही नाही, तरी सगळंच जड चालतंय? प्रोसेसर आपल्या छापील वेगाने धावतोय का ते बघा. ईएसएक्सटॉपमध्ये पी दाबलं की पॉवरचा पडदा येतो. त्यातला ए-एमपर्फ हा टक्का, कोअर व्यस्त असताना, १०० च्या वर असेल तर टर्बो चालू आहे. बराच खाली असेल तर प्रोसेसर दबकत चालतोय. कारणं तीन.

बायोसमध्ये वीज वाचवणारा प्रोफाइल. डेल सर्व्हरवर सिस्टिम प्रोफाइल परफॉर्मन्सवर न्या, एचपीईवर व्हर्च्युअलायझेशन मॅक्स परफॉर्मन्स हा वर्कलोड प्रोफाइल निवडा, आणि ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरमधली पॉवर पॉलिसी बॅलन्स्डवरून हाय परफॉर्मन्सवर करा. बायोसच्या बदलासाठी होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये घ्यावा लागतो.

दुसरं, दोनपैकी एक पॉवर सप्लाय बंद पडलेला. काही सर्व्हर अशा वेळी एका सप्लायवर भार पेलावा म्हणून प्रोसेसरचा वेग उतरवतात. सर्व्हर चालू असतो, दिवा केशरी असतो आणि आठवडाभर तिकडे कोणी बघत नाही.

तिसरं, उष्णता. एप्रिल-मे महिन्यात, पार्टिशन टाकून केलेल्या सर्व्हर रूममध्ये, वीज जाऊन आल्यावर एसी आपोआप सुरू झाला नाही की हे घडतं. आयड्रॅक (डेल) किंवा आयएलओ (एचपीई) या सर्व्हरच्या देखरेखीच्या पानावर आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. ३५ दिसत असेल तर एसीवाल्याला फोन करा, व्हीएमवेअरच्या सपोर्टला नको.

याच्याच शेजारचा एक छुपा चोर: २०१८ मध्ये एल१टीएफ ही इंटेलची त्रुटी उघड झाल्यावर ईएसएक्सआयमध्ये सुरक्षित शेड्यूलर आला. त्याची पहिली आवृत्ती चालू असेल तर प्रत्येक कोअरचा एकच थ्रेड वापरला जातो, म्हणजे हायपरथ्रेडिंगचा फायदा गेला. कॅस्केड लेकपूर्वीच्या इंटेल प्रोसेसरवर हे तपासा. ६.७ अपडेट २ पासून दुसरी आवृत्ती आहे, ती बरीच सौम्य आहे. निर्णय सुरक्षा टीमला विचारूनच घ्या.

एका होस्टवर किती डेस्कटॉप

दोन सॉकेट, प्रत्येकी २४ कोअर, २.४ गिगाहर्ट्झ. एकूण ४८ कोअर. हायपरथ्रेडिंगमुळे ९६ दिसतात, पण हिशेब ४८ वरच करा. दुसऱ्या थ्रेडने मिळणारी वाढ १० ते ३० टक्क्यांची असते, दुप्पट नव्हे. दोन व्हीसीपीयूचे १५० डेस्कटॉप म्हणजे ३०० व्हीसीपीयू, गुणोत्तर ६.२५ ला १. ऑफिसच्या मध्यम कामाला ६ ते ८ चालून जातं, जड कामाला ४ च्या आसपास थांबा.

गुणोत्तराने अर्धीच गोष्ट कळते. ४८ × २.४ म्हणजे ११५.२ गिगाहर्ट्झ, त्यातले ७५ टक्केच वापरायचे ठरवले तर ८६.४. दीडशे जणांत वाटले तर प्रत्येकाला ५७६ मेगाहर्ट्झ. आता असे पाच होस्ट आहेत आणि पॅचिंगसाठी एक बाजूला काढला असं धरा. साडेसातशे डेस्कटॉप चौघांवर, म्हणजे प्रत्येकी १८८. गुणोत्तर ७.८ वर गेलं, वाट्याला आले ४६० मेगाहर्ट्झ. तुमच्या लोकांचा गर्दीच्या तासातला मोजलेला वापर ५०० असेल तर पॅचिंगच्या दिवशी तक्रारी येणारच. पाच होस्टवर हिशेब बसतो, चारवर बसत नाही. म्हणजे खरं तर बसतच नाही. व्हीसॅन असेल तर त्यातून आणखी सुमारे १० टक्के आधीच बाजूला काढा.

नवे सर्व्हर घेताना कोअरची संख्या बघून भुलू नका. एक्सेल, ब्राउझर, लॉगिन ही कामं बरीचशी एकाच थ्रेडवर चालतात, २.० गिगाहर्ट्झच्या ६४ कोअरपेक्षा ३.० च्या ३२ कोअरवर माणसाला डेस्कटॉप चपळ वाटतो. पैशाचं गणितही आता त्याच बाजूला झुकतं. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यानंतर लायसन्स कोअरप्रमाणे मोजलं जातं, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. प्रत्येक जास्तीचा कोअर दरवर्षी बिलात येतो.

बदल केल्यावर पडताळणी त्याच वारी, त्याच वेळी करा. सोमवारच्या साडेनऊची तुलना शुक्रवारच्या चारशी नको. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. आणि अलर्ट लावताना होस्टच्या ९० टक्के वापरावर लावू नका, तोवर फोन वाजून गेलेले असतात. प्रति व्हीसीपीयू रेडी ५ टक्क्यांच्या वर सलग पाच मिनिटं राहिला तर मेल आणि १० च्या वर गेला तर एसएमएस, एवढं पुरतं.